ओवाळणीत मागितलेली जागा

माझा भाऊ जिवंत आहे आणि मला त्याचा आनंद आहे, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटायचं, बाई पश्चात्तापानं झुरतेय बिचारी. झुरतबिरत काही नाही. जळगावात माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे, दोन वेळा पोटभर जेवते, नवऱ्याशी रोज भांडते. फक्त धुळ्याला माहेरी जायचं म्हटलं की आजचं उद्यावर ढकलते. आमच्या गल्लीत शिरलं की आमच्या घराआधी तिचं घर लागतं, आणि ती ओट्यावरच बसलेली असते. मला बघून हसते. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

ती म्हणजे आमची शेजारीण. माझ्याहून आठ-दहा वर्षांनी लहान. नवऱ्यानं टाकली म्हणून माहेरी परत आलेली. घरात म्हातारा बाप आणि एक भाऊ. भाऊ शाळेच्या पोरांची व्हॅन चालवायचा. तिशीला टेकला होता, पण लग्न जमत नव्हतं. आजकाल व्हॅनवाल्याला पोरगी देतं कोण? मुलीकडचे यायचे, पोहे खायचे, 'कळवतो' म्हणायचे आणि गायब व्हायचे. ती चिडून म्हणायची, "अक्का, पुढच्या वेळी पोहेच करत नाही. नुसतं पाणी देते."

आणि आमचा भाऊ? आमचा भाऊ आबांची गाडी चालवायचा.

आबा म्हणजे कुणाचे आजोबा नव्हेत. पंचेचाळिशीचा, गुळगुळीत दाढी केलेला, पांढऱ्या शर्टातला माणूस. नदीतली वाळू, वादातले प्लॉट, मिरवणुकीतला डीजे, गरिबाच्या पोरीच्या लग्नाचा मंडप, सगळीकडे त्यांचा हात. आमच्या भागातली माणसं पोलीस चौकीआधी आबांच्या ऑफिसात जायची. तिथं चहा मिळायचा आणि निकाल त्याच दिवशी लागायचा. निकाल ज्याच्या विरुद्ध लागला त्याला नंतर काय मिळायचं, ते आपण विचारायचं नाही.

आबांचा ड्रायव्हर म्हणजे पगारी नोकर नव्हे हो. आबा कुठं जातात, कुणाकडे बसतात, कुणाचा फोन आला की बाहेर जाऊन बोलतात, हे ज्याला कळतं तो ड्रायव्हर. म्हणून गाडीची किल्ली त्यांनी कुणाही सोम्यागोम्याच्या हातात दिली नव्हती. ती बोटात फिरवत माझा भाऊ चौकात उभा राहिला की मोठमोठी माणसं 'काय म्हणता शेठ' करायची. बारावी नापास पोरगा! आमच्या वडिलांना उभ्या आयुष्यात कुणी 'शेठ' म्हटलं नव्हतं.

खोटं कशाला बोलू, मलाही मजा वाटायची. माझी स्कूटी वाहतूकवाल्यांनी उचलून नेली तेव्हा मी भावाला फोन लावला, आणि जेवण होईपर्यंत स्कूटी दारात. माझ्या पोराला जळगावच्या शाळेत प्रवेश मिळत नव्हता, तिथंही त्यानंच कुणाला तरी सांगितलं. दुकानात बायकांना मी ऐकवायचे, "धुळ्यात काही अडलं तर सांगा गं, आपला भाऊ आहे." केवढा तोरा तो!

तोरा उतरला भडगावला जाताना. नात्यात लग्न होतं. आबा बाहेरगावी गेले होते म्हणून भाऊ त्यांची गाडी घेऊन आम्हाला न्यायला आला. मी पुढं बसले. चप्पल काढायला वाकले तर सीटखाली पायाला काहीतरी लागलं. गोणपाटात गुंडाळलेला कोयता होता. मी पाय वर घेतले. भाऊ मात्र हसला.

"अगं, नुसता ठेवायचा असतो तो. पलीकडचे लोक मागावर आहेत आबांच्या. वाळूच्या ठेक्यावरून."

"आणि आले तर? आबांना मारतील?"

"आबांना नंतर," तो म्हणाला. "गाडी थांबवायची तर आधी ड्रायव्हर. ड्रायव्हर पडला की मागचा माणूस आयताच सापडतो." गाडीचं अॅव्हरेज सांगावं तसं त्यानं सांगितलं. वर मलाच म्हणाला, "म्हणून तर आबा मला मानतात. तिथं बसायला छाती लागते."

त्या लग्नात मी घासभरही जेवले नाही.

परत आल्यावर आईला सगळं सांगितलं. आमची आई शिंदखेड्याकडची, अजूनही अहिराणीच बोलते. ती कपाळाला हात लावून म्हणाली, "माय, तो आते मन्हं ऐकस का? तूच काही कर." म्हणजे पोरगं आता तिचं ऐकत नव्हतं. मग मी भावाच्या मागे लागले. सोड ही गाडी, जळगावला ये, तुझे दाजी डाळमिलमध्ये चिकटवून देतील. तो म्हणायचा, "अक्का, राजीनामा द्यायला ही काय बँक आहे?" त्याचंही बरोबर होतं. आबांच्या माणसानं आपण होऊन जायचं नसतं. जो जातो तो पलीकडे जाऊन मिळाला, असंच धरतात. त्यातून ड्रायव्हर, म्हणजे पोटात सगळं घेऊन चाललेला. सुटका करायची तर ती आबांनीच करायला हवी होती, तीही चार लोकांत, हसून.

आणि चार लोकांत हसून काही द्यायचा आबांचा वर्षातला एक दिवस ठरलेला होता. राखी पौर्णिमा.

त्या दिवशी चौकात मांडव पडायचा. आबा खुर्चीत बसायचे आणि आसपासच्या गल्ल्यांतल्या बायका रांगेनं राख्या बांधायच्या. ओवाळणीत प्रत्येकीला एक साडी आणि स्टीलचा डबा. माईकवर एक जण ओरडत असायचा, 'बहिणींचा पाठीराखा.' दुपारपर्यंत मनगटापासून कोपरापर्यंत राख्या व्हायच्या आणि तो हात आबा फोटोसाठी वर धरायचे. बहिणीला नाही म्हणायचं नाही, हा त्यांचा त्या दिवशीचा रुबाब. कुणी पोराच्या दवाखान्याचं बोलायची, कुणी दारू पिणाऱ्या नवऱ्याला दम द्यायला सांगायची. आबा 'झालं समज' म्हणायचे, आणि ते खरंच व्हायचं.

मी जळगावहून सकाळच्या एसटीनं धुळ्याला आले. घरच्या भावाला राखी बांधली, त्याला पत्ता लागू दिला नाही, आणि रांगेत जाऊन उभी राहिले. माझ्या मागे ती होती, आमची शेजारीण. तिला साडीचा रंग निवडायला मिळेल का याची चिंता. "अक्का, गेल्या वर्षी मला मेंदी रंग आला गं, माझ्या काळ्या अंगावर कसा दिसतो तूच सांग." मी हो-हो करत होते.

माझा नंबर आला. राखी बांधली, ओवाळलं. साड्या वाटणाऱ्या पोरानं साडी पुढं केली, ती मी बाजूला सारली.

"आबा, साडी नको. ओवाळणीत माझा भाऊ द्या."

माईकवाल्यानं माईक खाली घेतला. माझा भाऊ खुर्चीमागेच उभा होता, बोटात किल्ली. त्याचा चेहरा पडलेला मला दिसत होता, पण आता माघार घेणार कोण? मी म्हटलं, "आईला त्याचा घोर सोसत नाही. त्याला मी जळगावला नेते. तुम्ही मोकळा करा. बहीण म्हणून मागते."

आबांनी हातावरची माझी राखी सारखी केली. मग हसले. "दिला," म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मोबाईल वर झाले. माझा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच आबा म्हणाले, "पण ताई, माझी गाडी कोण चालवणार? तुम्ही?"

सगळे हसले. मीही हसले. पण आतून मला पक्कं कळलं होतं. उद्या सकाळी फोन येणार. दुसरा मिळेपर्यंत दोन दिवस चालव रे, असं म्हणणार. आणि ते दोन दिवस कधी संपणार नाहीत. ती जागा आत्ताच भरली पाहिजे, इथंच, लोकांसमोर.

मी बाजूला होताना तिच्या कानाशी वाकले. म्हटलं, "तुझ्या भावासाठी माग. आत्ता माग. नाही म्हणणार नाहीत. आबांच्या गाडीवर लागला तर मुली सांगून येतील त्याला."

बस, एवढंच. तोंडातून निघायला किती वेळ लागतो?

तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिला लॉटरीचं तिकीट दाखवलं. पुढं झाली. राखी बांधताना तिच्याकडून गाठ बसेना. आबांनीच दोरा धरून दिला. ती म्हणाली, "आबा, माझा भाऊ चालवील ना गाडी. शाळेची व्हॅन चालवतो. एवढ्या वर्षांत एका पोराला खरचटलेलं नाही." आबा खूश. एका दिवसात दोन बहिणींना न्याय! त्यांनी माझ्या भावाच्या हातातून किल्ली घेतली, गर्दीतून तिच्या भावाला पुढं बोलावलं आणि त्याच्या तळहातावर ठेवली. तो बिचारा किल्लीकडेच बघत राहिला. पुन्हा टाळ्या.

घरी आल्यावर माझ्या भावानं पाणीसुद्धा घेतलं नाही. "माझी इज्जत तू बायकांच्या रांगेत उभी राहून घालवलीस," म्हणाला. त्याचं खरं होतं. तो व्हिडिओ दोन दिवस सगळ्यांच्या स्टेटसला होता. ज्यांनी 'शेठ' म्हटलं होतं ते आता 'काय रे, बहिणीनं सोडवून आणला का?' म्हणून फिदीफिदी हसत होते. त्यामुळे एक मात्र झालं, धुळ्यात राहायला त्याला तोंड उरलं नाही. तो जळगावला आला, डाळमिलमध्ये लागला. संध्याकाळी घरी यायचा, हातपाय धुवायचा आणि भिंतीकडे तोंड करून पडायचा. वर्षभर माझ्याशी धड बोलला नाही. आई मात्र देवाला नारळ फोडून म्हणाली, "पोऱ्या घर ऊना, बठ्ठं भेटनं माले."

पोरगं माझ्या घरी आलं, तिला सगळं भेटलं. मलाही सगळं भेटलं होतं. त्याचा रुसवा मी आनंदानं सोसला. रुसायला माणूस जिवंत लागतो.

तिकडे तिचं घर उजळलं. तिचे मला फोन यायचे. "अक्का, आबांनी त्याला नवे बूट घेऊन दिले." "अक्का, आमच्या दारात गाडी उभी असते, बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला मुद्दाम थांबवून बोलतात." आणि दर फोनच्या शेवटी, "तुझ्यामुळं झालं हं सगळं." मी म्हणायचे, "माझं डोंबल." दर वेळी ठरवायचे, आता सांगते. सांगते की अगं, त्या सीटवर बसणारा आधी पडतो, काढून घे त्याला. पण सांगितलं आणि तिनं काढून घेतलं, तर आबांना पुन्हा माझ्या भावाची आठवण होणार. मग मी विचारायचे, पाऊसपाणी काय म्हणतं.

हिवाळ्यात त्याचं लग्न जमलं. पहूरकडची मुलगी. साखरपुड्याचा ब्लाउज माझ्याकडूनच शिवायचा म्हणून ती मुद्दाम जळगावला आली, पेढे घेऊन. मी टेप घेऊन तिची मापं घेत होते. ती हात वर करून उभी होती आणि बोलत होती. घर रंगवायचं, मागे एक खोली काढायची, वहिनी आली की मी वेगळी झोपेन. दुकानात आम्ही दोघीच होतो. याहून चांगली वेळ येणार नव्हती, हे मला कळत होतं. मी तोंड उघडलं आणि विचारलं, "मागचा गळा खोल ठेवू का गं?"

ती लाजली. म्हणाली, "ठेव. भावाचा साखरपुडा काय रोज येतो?"

साखरपुड्याच्या आधीच ते झालं. भरदुपारी, शिंदखेड्याच्या रस्त्यावर. आबा मागे बसले होते. एका फाट्यावर दोघं जण धावत गाडीच्या आडवे आले आणि त्यानं ब्रेक मारला. शाळेच्या पोरांना ने-आण करणारा माणूस तो. समोर कुणी आलं की पाय आपोआप ब्रेकवर जाणारच. दुसऱ्या कुणी गाडी दामटली असती. गाडी थांबली, आणि बाजूला दबून बसलेल्यांनी आधी पुढची काच फोडली. आबा मागच्या दारानं शेतात पळाले. तो दवाखान्यात पोचेपर्यंत टिकला नाही.

भावानंच मला फोनवर सांगितलं. आणि खरं सांगू? पहिल्यांदा मला आनंद झाला. दुःख नाही, धक्का नाही, आनंद. माझा भाऊ पलीकडून बोलतोय, त्याचा श्वास ऐकू येतोय, हा आनंद. मी दुकानाचं शटर अर्धं ओढून मशीनवर डोकं टेकलं आणि देवाचे आभार मानले. त्यानंतर समोर हँगरला तो ब्लाउज दिसला, हुक लावून तयार. तेव्हा रडू आलं. पण ते नंतर.

त्या संध्याकाळी आम्ही दोघं धुळ्याला आईकडे आलो, भाऊ जेवला नाही. एकदाच बोलला. "त्यानं ब्रेक मारला, अक्का. मी नसता मारला." त्यात वाचल्याचा हिशोब होता की जागा गेल्याची कळ होती, मला अजून कळलेलं नाही. आई मात्र हात जोडून बसली होती. "देवनी मन्हा पोऱ्या वाचाडा." मी तिच्यावर खेकसले, "गप बस! भिंतीपलीकडे ऐकू जातं!"

आबा अंत्ययात्रेला आले, तिच्या बापाच्या गळ्यात पडून रडले. म्हाताऱ्याच्या औषधाचं मी बघतो म्हणाले आणि बघतातही, तेवढं मान्य करायला हवं. गाडीवर आता तिसराच कुणीतरी आहे. राखीला मांडवही पडतो.

ती मात्र त्या दिवसापासून एकच वाक्य बोलते. भेटायला कुणी आलं की सांगते, "मीच मागितलं. माझ्या तोंडानं मागितलं. मीच खाल्ला माझा भाऊ." बायका म्हणतात, असं बोलू नको बाई, नशिबात होतं. मीही त्या बायकांत बसून मान हलवलेली आहे. 'मी तुला माग म्हटलं होतं', एवढं बोलले असते तर तिच्या मानेवरचं अर्धं ओझं उतरलं असतं. ते मी बोलले नाही. मला वाटायचं, दुःखात ती ते विसरून गेली असेल. विसरली असेल तर मी कशाला आठवण करून देऊ? असली अक्कल मला बरोबर सुचते.

यंदा आखाजीला माहेरी गेले. आमच्याकडे आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा लेकींचा सण. पोरी झोके खेळत होत्या, गाणी म्हणत होत्या. तिच्या घरात सकाळी म्हाताऱ्या बापानं पोराच्या नावानं पितरांची घागर भरली होती. आदल्या वर्षापर्यंत मुलाकडून आपल्या आजोबा-पणजोबांची घागर भरून घेणारा बाप. आईनं पुरणपोळी आणि आमरसाचं ताट वाढलं आणि मला म्हणाली, नेऊन दे. मी ताट घेऊन निघाले आणि मनाशी पक्कं केलं की आज बोलायचं. काय व्हायचं ते होवो.

ती ओट्यावर होती. ताट घेतलं, शेजारी ठेवलं. मी तिच्याजवळ बसले. म्हटलं, "एक सांगायचं होतं गं. त्या राखीच्या दिवशी..."

"रांगेत?" ती म्हणाली. "तू कानात बोललीस ते?"

मी म्हटलं, "तुला आठवतं?"

"न आठवायला काय झालं?" ती पदराशी चाळा करत बोलत होती, अगदी साधं. "कुणाला सांगितलं नाही मी. बाबांनापण नाही. बायका काहीबाही बोलल्या असत्या तुला. तुझं माहेर आहे इथं, तुला यायचं-जायचं असतं. म्हटलं, अक्कानं आपलं चांगलं व्हावं म्हणून सांगितलं, तिला कशाला त्यात ओढायचं? मागितलं तर मीच ना."

झोक्यावरच्या पोरी जोरात हसल्या. तिनं तिकडे बघितलं आणि मग माझ्याकडे वळली. रागानं नाही. तिला खरंच माझ्याकडून ऐकायचं होतं.

"अक्का, चांगल्या मनानंच सांगितलंस ना?"

ती थांबली होती. तिच्याकडे आता दुसरं काही उरलेलं नव्हतं, एवढं एकच होतं, की कुणीतरी तिचं भलं चिंतलं होतं.

मी म्हटलं, "हो."

"मला माहीत होतं," ती म्हणाली, आणि ताट उचलून आत गेली. उंबऱ्यातून मागे वळून म्हणाली, "थांब, ताट मोकळं करून देते. आईला म्हणावं, रस गोड झालाय." तिनं तो अजून चाखलाही नव्हता.